पंडिता रमाबाई : चित्र पुरते पाहू या



सध्या माहितीपटांचे दिवस आहेत. रविवारची मिस्सा आटोपून घरी यावे, जेवणे उरकावीत, की घरातले कोणी तरी टीव्ही लावते नाही तर मोबाईल उघडते आणि तासाभरात एका थोर माणसाचे सारे आयुष्य आपल्या डोळ्यांपुढून निघून जाते. राजे, सेनापती, संत, शास्त्रज्ञ, हुकूमशहा, कुणाचीही यातून सुटका नाही. आम्हीही हे माहितीपट आवडीने पाहतो आणि दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये त्यांवर वादही घालतो.

पण पाहता पाहता एक गोष्ट लक्षात येऊ लागली आहे. अशा चित्रणाचे बहुतेक वेळा दोनच प्रकार असतात. एकात त्या व्यक्तीची पहिल्यापासून शेवटपर्यंत आरती ओवाळलेली असते. दुसऱ्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत चिखल उडवलेला असतो. माणूस मात्र दोन्हीकडे हरवतो.

हा विषय आज काढण्याचे कारण आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आपली ख्रिस्ती घरे विखुरलेली आहेत. चाळीत, सोसायटीत, कारखान्यात आपले शेजारी इतर धर्मांचे आहेत आणि त्यांच्याशी आपले चांगले चालते. तरी कधी तरी चहा घेता घेता एखादा शेजारी विचारतोच, की त्या पंडिता रमाबाईंनी शाळेच्या नावाखाली विधवा मुलींना बाटवले, हे खरे ना? अशा वेळी आपल्यातले काही जण गप्प बसतात. काही जण हिरिरीने सांगतात, की छे, ती तर साक्षात देवमाणूस होती, तिच्यावर सारे खोटे आळ घेतले. आम्हाला वाटते, गप्प बसणेही बरोबर नाही आणि अर्धेच सांगणेही बरोबर नाही. म्हणून या अंकात रमाबाईंचे चरित्र थोडक्यात, पण काही न लपवता सांगण्याचा हा प्रयत्न.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. रमाबाई कॅथोलिक नव्हत्या. त्यांचा स्नानसंस्कार अँग्लिकन पंथात झाला आणि पुढे त्या कोणत्याच एका पंथाच्या चौकटीत मावल्या नाहीत. तेव्हा आपली म्हणून त्यांची मिरवणूक काढण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण मराठीत प्रार्थना करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला त्यांची ओळख असली पाहिजे, असे मात्र आम्हाला मनापासून वाटते.

रानातले घर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ नावाच्या रानात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, असा तो काळ. पण शास्त्रीबुवांनी पत्नी लक्ष्मीबाईंना ती भाषा शिकवली. त्यावरून शास्त्री-पंडितांनी त्यांना जाब विचारला. शास्त्रीबुवांनी ग्रंथांचे आधार काढून उत्तर दिले आणि आपला हेका सोडला नाही. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते या आईनेच. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते.

पुढे घरची परिस्थिती पालटली. सारे कुटुंब पुराण सांगत, तीर्थयात्रा करत गावोगाव फिरू लागले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे होते नव्हते ते दानधर्मात संपले. मजुरी करणे जातीला शोभत नाही, अशी समजूत. म्हणून हाताला काम नाही आणि पोटाला अन्न नाही. झाडाचा पाला खाऊन दिवस काढावे लागले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा मुलगी असूनही रमाबाई पुढे झाल्या. अंगाने लहान, म्हणून तिरडी त्यांना खांद्यावर न घेता डोक्यावर घ्यावी लागली.

हे दृश्य आपण मनात जपून ठेवू या. पुढे वीस-बावीस वर्षांनी रमाबाई दुसऱ्या एका दुष्काळात का धावून गेल्या, हे त्याशिवाय कळणार नाही.

पंडिता झाली, विधवा झाली

उरले दोघे, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. हजारो मैलांची पायपीट करून १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेद दिले. स्त्रीने वेद वाचू नयेत, असे लहानपणापासून ऐकलेल्या मुलीच्या दृष्टीने ती केवढी घटना असेल!

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मणेतर, शूद्र मानल्या जाणाऱ्या जातीतले. साहजिकच दोन्हीकडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. आसामातल्या सिल्चरला त्यांनी संसार थाटला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने गेले. रमाबाई तेव्हा २३ वर्षांच्या होत्या आणि कडेवर वर्षाचीही न झालेली मुलगी होती.

त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. मुलींसाठी स्त्री शिक्षिका हव्यात, बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांचे सांगणे होते. आपणच डॉक्टर व्हावे, या इच्छेने त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडची वाट धरली.

विहिरीवरची ती स्त्री

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज गावी अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात उतरल्या. या धर्मभगिनींचे काम पुण्यात पंचहौद भागात चाले; तिथली ओळख. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. पण वेगळेच काही घडले.

लंडनजवळ फुलहॅम येथे या धर्मभगिनींचे एक घर होते. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे. कोणी त्यांना हिणवत नव्हते. भगिनी त्यांची मायेने शुश्रूषा करत होत्या. रमाबाई चकित झाल्या. हे कुठून येते, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. तीच, जी आपण उपवासकाळात मिस्सेत ऐकतो. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, गावाने बाजूला टाकलेल्या त्या स्त्रीशी प्रभू येशू बोलला, हे ऐकून त्यांच्या मनाने ठाव घेतला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि छोटी मनोरमा यांचा स्नानसंस्कार झाला.

इथपर्यंत सांगून थांबलो तर आपल्या कानाला गोड वाटेल. पण त्याच वर्षी घडलेली एक दुःखद गोष्ट सांगितली पाहिजे. रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण इंग्लंडला गेली होती. परका देश, परकी माणसे. आपल्यालाही जबरदस्तीने ख्रिस्ती करतील, या भीतीने तिचे मन ढासळले आणि तिने विष घेतले. कोणी तिच्यावर जबरदस्ती केल्याचे आढळत नाही. पण भीती तिच्यापुरती खरी होती आणि ती जिवावर बेतली. रमाबाईंच्या चरित्रात तिला जागा नसेल, तर ते चरित्र खरे नाही.

इकडे पुण्यात धर्मांतराच्या बातमीने खळबळ उडाली. रमाबाई धर्म बदलणार नाहीत, असा स्नेह्यांचा विश्वास होता. त्यांना फसवल्यासारखे वाटले. वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये सत्सार लिहून रमाबाईंची बाजू घेतली.

आजीबाईंशी वाद

मिशनऱ्यांनी शिकवले आणि रमाबाईंनी मान डोलावली, असे कोणाला वाटत असेल तर त्याने पुढचा भाग ऐकावा.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने आजीबाई म्हणत. या आजीबाईंशी त्यांचा वर्षानुवर्षे वाद चालला. पवित्र त्रैक्याबद्दल रमाबाईंच्या मनात शंका होत्या आणि त्या दाबून ठेवायला त्या तयार नव्हत्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातल्या अँग्लिकन बिशपांचे मत पडले. रमाबाईंनी ते मानले नाही. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, ती इथल्या कोणाला कळणार, आपली संस्कृत काय वाईट आहे, अशी त्यांची विचारणा होती. मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे, यावरही खटके उडाले. ख्रिस्ताला मी स्वीकारले आहे, पण माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणा माणसाच्या हवाली केलेली नाही, असा त्यांच्या सगळ्या पत्रांचा मथितार्थ.

आपण कॅथोलिक ख्रिस्तसभेचे घटक आहोत. ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार आपण मानतो. रमाबाईंचे प्रत्येक मत आपल्याला पटण्याचे कारण नाही. त्रैक्याबद्दलच्या त्यांच्या शंका तर आपल्याला पटतच नाहीत. पण क्रुसावरच्या भाषेचा त्यांचा प्रश्न पाहा. त्यानंतर सुमारे ८० वर्षांनी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने (१९६२-६५) उपासनेत लोकभाषेला दार उघडले आणि आज आपण मराठीत मिस्सा अर्पण करतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. हा सारा वाद आज आपल्याला माहीत आहे तो त्या पत्रव्यवहारामुळे, आणि तो पत्रव्यवहार जपून एकत्र केला तो खुद्द सिस्टर जेराल्डिन यांनी. जिने रमाबाईंना इतके रागे भरले, तिनेच त्यांची उलट उत्तरे फाडून न टाकता सांभाळली. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली. ज्याच्याशी आपले पटले नाही त्याचेही म्हणणे जसेच्या तसे जपून ठेवावे, हे आजीबाईंकडून शिकण्यासारखे आहे.

कल्याणची आनंदी

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या त्या एका समारंभासाठी, आणि या समारंभाचा संबंध आपल्या शेजारच्या गावाशी आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. त्या रमाबाईंच्या नात्यातल्या. आनंदीबाईंची कथा आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. त्यांच्यावर दूरदर्शनची मालिका झाली, २०१९ मध्ये चित्रपटही आला. पण त्या दिवशी सभागृहात रमाबाई होत्या, हे कितीकांच्या लक्षात आहे?

एक हिंदू राहिलेली, एक ख्रिस्ती झालेली. दोघींवर स्वदेशात टीकेचे दगड पडलेले. आनंदीबाई परदेशात राहूनही आपला धर्म सोडणार नाहीत, असे ठामपणे सांगून आल्या होत्या आणि त्यांनी ते पाळले. रमाबाईंनी तो सोडला होता. तरी एकीच्या आनंदासाठी दुसरी समुद्र ओलांडून गेली. धर्म बदलला म्हणजे नाते तुटलेच पाहिजे, असे या दोघींना वाटले नाही. आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. वय अवघे २१.

रमाबाई अमेरिकेत राहिल्या, गावोगाव व्याख्याने देत फिरल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. त्याच वर्षी बोस्टनला त्यांच्या नावाने मंडळ स्थापन झाले आणि बालविधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसे पुरवण्याचे वचन त्यांना मिळाले. अट एकच, शाळेत धर्मप्रसार करायचा नाही.

शारदा सदन : दोन्ही बाजू

११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशीच पुनर्विवाह केला. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला हलले. मुंबईहून पुण्याला जाणारी आगगाडी त्याही काळी आपल्या बदलापूर-कर्जतवरूनच घाट चढत असे.

सदनात मुलींना आपापले सोवळेओवळे, पूजाअर्चा करण्याची मुभा होती. सल्लागार मंडळात रानडे, डॉ. भांडारकर यांसारखी माणसे होती. मग वाद कशावरून पेटला?

रमाबाई स्वतः ख्रिस्ती. रोज आपल्या खोलीत त्या बायबल वाचत, प्रार्थना करत, आणि खोलीचे दार त्या लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे, मी कोणाला बोलावत नाही आणि आलेल्याला हाकलणारही नाही. पालकांचे म्हणणे, कोवळ्या वयाच्या, घरादाराला पारख्या झालेल्या मुली. ज्या बाईंनी त्यांना आईची माया दिली, तिच्या उघड्या दाराची ओढ त्यांना वाटणारच, मग ती शिकवणच झाली. भरीस भर म्हणून अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने सदनातल्या मुलींचे मन ख्रिस्ताकडे वळत असल्याचा मजकूर छापला. आपल्याच माणसांच्या उत्साहाने आगीत तेल पडले. लोकमान्य टिळकांच्या केसरीने कडाडून हल्ला चढवला. गंमत अशी, की दुसरीकडे काही मिशनरी रमाबाईंवर नाराज होते, कारण त्या शाळेत उघडपणे बायबल शिकवत नव्हत्या!

१८९३ मध्ये रानडे-भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि सुमारे २५ मुलींना पालकांनी काढून नेले. त्यानंतरच्या वर्षांत सदनातल्या काही मुलींनी स्नानसंस्कार घेतला, हेही खरे आहे.

तर मग शेजाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर काय द्यायचे? आम्हाला असे वाटते : जबरदस्ती झाली नाही, हे निःशंकपणे सांगावे. वचन अक्षरशः पाळले, हेही सांगावे. पण ज्या पालकांनी विश्वासाने मुली पाठवल्या, त्यांना तो विश्वास मोडल्यासारखे वाटले, आणि तसे वाटण्यास जागा होती, हेही मान्य करावे. रानड्यांसारखा मित्र दूर झाला, तो द्वेषाने नव्हे. हे कबूल केल्याने रमाबाई लहान होत नाहीत.

केडगाव

१८९६ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. लहानपणचा तो पाला, ती तिरडी रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या तडक तिकडे गेल्या आणि उपाशी बायकामुलींना घेऊन आल्या. मुलींचा बाजार करणारे दलाल दुष्काळी छावण्यांभोवती टपलेले असत. त्यांच्या हातून त्या सोडवायच्या होत्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून या शेकडो मुलींना दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर उतरवले. सुरुवातीला झाडे आणि राहुट्या हेच घर. याचेच पुढे मुक्ती मिशन झाले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, तेलाचा घाणा घातला, छापखाना उभारला. अंध स्त्रियांसाठी, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी वेगळी घरे बांधली. ज्या घरात एके काळी मजुरी कमीपणाची मानून माणसे उपाशी मेली, त्या घरच्या मुलीने हजारो मुलींना हाताने काम करायला शिकवले.

रमाबाई इंग्रजांच्या हातचे बाहुले होत्या, असेही म्हणणारे भेटतात. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची काय दशा होते, यावर त्यांनी बॉम्बे गार्डियन या पत्रात कडक लिहिले. मुंबईच्या गव्हर्नरांनी ते आरोप फेटाळले. रमाबाई मागे हटल्या नाहीत.

केडगावला मात्र काही लपवाछपवी नव्हती. अमेरिकेतल्या मंडळाचा दहा वर्षांचा करार १८९८ मध्ये संपला आणि तिथले सारे वातावरण उघडपणे ख्रिस्ती होते. इथेच दुसरा अवघड प्रश्न उभा राहतो. उपाशी मुलीला भाकरी देणाऱ्या हाताने बायबलही दिले, तर तिची श्रद्धा कितपत तिची? टीकाकार हा प्रश्न विचारतात आणि तो आपण झटकून टाकू नये. व्हॅटिकन महासभेने १९६५ च्या धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हेच बजावले आहे, की श्रद्धेबाबत कोणावर सक्ती करू नये आणि गरीब, अशिक्षित माणसांच्या बाबतीत तर विशेष जपावे. मात्र टीकाकारांनीही एक सांगावे. त्या मुली रस्त्याच्या कडेला पडल्या होत्या तेव्हा उचलायला आणखी कोण कोण गेले होते? काही जण गेले होते, पण थोडे. हे दोन्ही प्रश्न एकमेकांशेजारी ठेवूनच रमाबाईंकडे पाहावे लागते.

अखेरचे काम

आयुष्याची शेवटची वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली. बायबलचे मराठी भाषांतर त्या काळी होते, पण ते खेड्यातल्या बायकांना जड जाई. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा अभ्यासल्या आणि सोप्या मराठीत सबंध बायबल उतरवले. विद्वानांच्या सभेत संस्कृतात बोलून पदव्या मिळवलेली ही पंडिता. तिने उतारवयात शब्द शोधले ते अडाणी बाईला कळतील असे. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच खिळे जुळवले.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. पण घरात दुःख यायचे राहिले नव्हते. आईचा उजवा हात बनून काम सांभाळणारी मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. त्यानंतर काही महिन्यांतच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी डोळे मिटले. भाषांतर हातावेगळे झाले होते. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून बाहेर पडला. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया आणि मुलांना आसरा देत आहे.

आपण काय घ्यावे?

उल्हासनगरचा इतिहास आपण जाणतो. फाळणीत घरदार गमावलेल्या सिंधी बांधवांना कल्याणच्या लष्करी छावणीत आणून ठेवले, त्यातून १९४९ मध्ये हे शहर उभे राहिले. उखडलेल्या माणसाला थारा मिळणे म्हणजे काय, हे इथल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. रमाबाईंनी आयुष्यभर तेच केले. त्यांच्याबद्दलचे बाकी वाद घालताना ही गोष्ट नजरेआड होऊ नये.

म्हणून धर्मग्रामातल्या तरुण मंडळींना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी कोणाच्याही आयुष्यावरचा माहितीपट पाहाल, तेव्हा संपल्यावर मोबाईल बंद करून घटकाभर बोला. यात कोणाचे म्हणणे ऐकवले नाही? आनंदीबाई भगतसारखे कोण वगळले गेले? रमाबाईंवर माहितीपट कराल, आणि तुमच्याकडे फोन आहेत, तेव्हा कराच, तर त्यात फुलहॅमचे घर दाखवा, तसेच रानड्यांचा राजीनामाही दाखवा. आजीबाईंची रागाची पत्रे दाखवा आणि ती त्यांनी कशी जपली तेही दाखवा.

आणि शेजाऱ्याने पुन्हा विचारले, तर त्याला घरात बोलवा, चहा करा आणि सारी हकिगत सांगा. जमले तर एखाद्या सुट्टीत त्यालाच बरोबर घेऊन केडगावला जाऊन या. कल्याणहून पुण्याच्या गाडीत बसले, की आपली बदलापूर-कर्जतची वाट मागे टाकून ती घाट चढते. पुण्याच्या पुढे दौंडच्या वाटेवर केडगाव स्टेशन लागते.